नवरदेवाला नीळ जरा जास्त झाली

पांढरा रंग या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये! लॉन्ड्री आहे माझी. दवाखान्यातले कोट, हॉटेलच्या चादरी, शाळेतल्या पोरांचे शर्ट, सगळं पिवळं पडून माझ्याकडे येतं आणि बगळ्यासारखं होऊन परत जातं. म्हणून सासूबाईंनी जेव्हा विचारलं, "आता कोंबड्याला अंघोळ कोण घालणार?" तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे ना! पांढरं ते पांढरं. शर्ट काय नि कोंबडा काय!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ती गप्प बसली की घाबरायचं असतं, हे मी अजून शिकलो नाही.

कोंबडा माझ्या सासऱ्यांचा. सासरे या उन्हाळ्यात गेले. साधा माणूस. पोस्टात खिडकीमागे बसून जन्म काढला, कुणाशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. शौक एकच, कोंबड्यांच्या प्रदर्शनात आपला पांढरा कोंबडा मांडायचा. आणि दरवर्षी बक्षीस एकच, उत्तेजनार्थ! पहिल्या तीन नंबरांची नावं लाउडस्पीकरवर पुकारतात. उत्तेजनार्थवाल्याने टेबलापाशी जाऊन आपलं प्रमाणपत्र आपणच शोधून घ्यायचं. सासूबाई दरवर्षी पुढच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं ऐकायच्या आणि टाळ्या वाजवायच्या.

"एकदा तरी त्यांचं नाव पुकारलेलं ऐकायचंय मला," त्या म्हणाल्या. "नाव त्यांनीच नोंदवून ठेवलंय, जायच्या आधी. आणि हा नवरदेव आता म्हातारा झाला. पुढच्या वर्षी काही उभा राहायचा नाही."

नवरदेव म्हणजे कोंबडा. सदा नटलेला आणि कामाचा शून्य, म्हणून सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. ते गेल्यापासून हा गडी ओट्यावरच्या त्यांच्या खुर्चीपाशी मान पाडून उभा असायचा. दाणे टाकले तर चार टिपायचा, उरलेले चिमण्यांना सोडायचा. घरात आम्हा सगळ्यांचंच तसं चाललं होतं. तो कोंबडा असल्यामुळे लपवत नव्हता, एवढंच.

निघताना सासूबाईंनी माझ्या हातात एक बोचकंही दिलं. सासऱ्यांचे पांढरे शर्ट. "जमेल तेव्हा धुऊन, इस्त्री करून द्या. घडी करून कपाटात ठेवीन म्हणते." मी ते दुकानात नेऊन ठेवले.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंच्या न्हाणीघरात तीन टब मांडले. पहिल्यात साबणाचं कोमट पाणी, दुसऱ्यात स्वच्छ, तिसऱ्यात नीळ. ही सासऱ्यांचीच पद्धत. पांढऱ्या पिसांवरची पिवळी झाक निळीने जाते.

"बाबा चिमूटभर घालायचे," दारातून बायको म्हणाली.

"तुझे बाबा पोस्टात होते. मी लॉन्ड्रीत आहे."

"शेवटी तुऱ्याला तेल लावायचे. पूर्ण वाळल्यावर."

"तेल आधीच लावून टाकतो. पुन्हा कोण धरत बसणार त्याला!"

नवरदेव इतका पिवळा पडला होता की हॉटेलची चादर बरी. अशा मालाला आम्ही नीळ दुप्पट घालतो. घातली! पाण्यात बुडवल्यावर मला वाटलं होतं हा पंख झाडेल, बोचकारेल. कसलं काय! कोमट पाण्यात त्याने डोळे मिटले आणि मान माझ्या मनगटावर टाकली. सासरे त्याला असंच धरत असणार. मी त्याची पाठ थोपटत बसलो आणि तो तिसऱ्या टबात जरा जास्तच वेळ राहिला. मान तुऱ्यासकट पाण्यात कलली, तेही मला उशिराच दिसलं.

मग टॉवेल, मग हेअर ड्रायर, मग टूथपिकने नखं साफ. न्हाणीघरातल्या पिवळ्या बल्बखाली नवरदेव असा काही दिसत होता, की सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "यंदा पहिला!"

सकाळी पाटीत पेंढा घातला, वर फडकं टाकलं, पिण्याचं पाणी घरून बाटलीत घेतलं. प्रदर्शनातलं सामाईक पाणी पाजायचं नाही, एकाची सर्दी सगळ्यांना होते, हा सासऱ्यांचा नियम. मी सगळे नियम पाळत होतो! सासूबाई पुढे जाऊन खुर्चीत बसल्या, बायको त्यांच्या शेजारी. मी पाटी घेऊन तपासणीच्या टेबलापाशी गेलो. तिथे जनावरांचे डॉक्टर प्रत्येक पक्षी बघून आत सोडत होते.

मी ऐटीत फडकं उचललं.

उन्हात नवरदेव निळा होता. पिसं फिकट निळी, ते एक वेळ चाललं असतं. पण तेल लावलेल्या तुऱ्यावर नीळ अशी काही बसली होती, की तुरा पार जांभळानिळा! त्यात संध्याकाळच्या अंघोळीने गार लागलेलं, त्यामुळे त्याने नेमकी तेव्हाच एक शिंक दिली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तुरा निळा? कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून," मी खरं ते सांगितलं.

"खातोय का?"

"मालक गेल्यापासून धड खात नाही."

डॉक्टरांचा हात थांबला. "मालक गेले? कशाने?"

"श्वासाचा त्रास झाला. फार दिवस काढले नाहीत."

"या कोंबड्याजवळ असायचे?"

"जवळ? मांडीवरच असायचा हा!"

"बर्ड फ्लू!" असं पुटपुटत डॉक्टर झटकन मागे सरकले आणि खिशातून मास्क काढून तोंडाला लावला. "घरात आणखी कुणाला काही?"

"सगळेच खचलोय हो डॉक्टर. सासूबाईंचं जेवण तुटलंय, मला झोप नाही..."

एवढं बोलायचा अवकाश, दोन स्वयंसेवकांनी मला पाटीसकट उचलल्यासारखं करून कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत कोंडलं! मी आतून ओरडतोय, "अहो, नीळ आहे ती! कपड्यांची नीळ!" बाहेरून उत्तर, "घाबरू नका, बोलू नका, दम लागेल."

आणि लाउडस्पीकर सुरू झाला. आधी खरखर, मग सासऱ्यांचं नाव. नुसतं नाही, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठणठणीत! "यांच्या पक्ष्याजवळ ज्यांनी आपले पक्षी ठेवले असतील त्यांनी ते हलवावेत!" लगेच पुन्हा तेच नाव. "यांच्या घरच्यांनी जागा सोडू नये!" पुन्हा तेच नाव. बाहेर पिंजरे ओढल्याचे आवाज, कोंबड्यांचा कलकलाट, कुणाचं तरी भांडण. माणूस गेल्यावर त्याला एवढा त्रास मी देत होतो. मी भिंतीला टेकून खाली बसलो. नवरदेव माझ्या पायावर येऊन बसला.

शेवटी खिशातला रुमाल आठवला. पांढराशुभ्र, माझ्याच लॉन्ड्रीतला. बाटलीतल्या पाण्याने ओला केला आणि तुरा खसाखसा पुसला. रुमाल निळा, तुरा लाल! तो रुमाल मी दाराच्या फटीतून झेंड्यासारखा बाहेर काढला.

डॉक्टर आत आले. रुमाल पाहिला, तुरा पाहिला, मग मला पाहिलं. मास्क काढून म्हणाले, "कोंबडा ठणठणीत आहे. तुमचं काय ते तुम्ही बघा."

मला वाटलं, सुटलो! पण त्यांच्यामागून परीक्षक आत आले. त्यांनी नवरदेवाचं एक पीस दोन बोटांत चोळलं, बोटं हुंगली आणि मान हलवली. "नियम आहे. रंग लावलेला पक्षी बाद."

"साहेब, नाव माझं पुकारा! चूक माझी आहे. ते तर..."

"नोंद ज्यांची, नाव त्यांचं."

आणि ज्या माणसाने आयुष्यात एक तिकीटसुद्धा फुकट कुणाला दिलं नाही, त्याचं संपूर्ण नाव सगळ्या मैदानावर घुमलं. "यांनी आपला कोंबडा रंगवून आणल्याचं आढळल्याने त्यांना स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे!"

जमीन दुभंगावी असं म्हणतात, ते काय असतं हे मला तेव्हा कळलं. पाटी घेऊन मी सासूबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. आसपासच्या खुर्च्या लोकांनी केव्हाच रिकाम्या केल्या होत्या. बायकोने मान फिरवली. सासूबाई हात मांडीवर ठेवून लाउडस्पीकरकडे बघत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आई, माफ करा. मी त्यांचं नाव घालवलं."

त्यांनी नाक पुसलं. "पूर्ण नाव घेतलं हो. माझ्या सासऱ्यांच्या नावासकट. किती वेळा घेतलं!" मग पदराआड त्यांना हसूच फुटलं. ते गेल्यापासून पहिल्यांदा. "पहिल्या नंबरवाल्याचं एकदाच घेतात. आणि यांनी कधी लबाडी केली म्हणे! ऐकायला हवे होते हो ते. आठवडाभर झोपले नसते."

मग त्या पुन्हा रडल्या. या वेळी बायकोही रडली. मीही रडलो असतो, पण रुमाल निळा होता.

घरी आल्यावर नवरदेवाला परसातल्या इतर कोंबड्यांपासून वेगळं, मागच्या खोलीत ठेवलं. प्रदर्शनाहून आलेला पक्षी काही दिवस वेगळाच ठेवायचा, हाही सासऱ्यांचा नियम. मी चपला घालत होतो तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"जावईबापू, ते शर्ट धुतलेत का हो?"

माझा चेहरा पडला. कपडे उशिरा देणं ही आमच्या धंद्यात नामुष्की! "नाही हो आई. बोचकं अजून सोडलंही नाही. उद्या नक्की..."

"नको," त्या घाईने म्हणाल्या. "तसंच परत आणून द्या. त्यांचा वास आहे त्या शर्टांना."

मी मान डोलावली. दार लोटता लोटता त्या म्हणाल्या,

"आणि तुम्हाला नीळ कळत नाही."