दोन फुटांवरचे इनामदार

इनामदार काका चार महिने जमिनीपासून दोन फुटांवर लटकत होते. सकाळी मी हिंजवडीच्या कंपनीची बस पकडायला निघालो, की आमच्या सहकारनगरच्या सोसायटीतल्या वर्षावृक्षाखाली, एकाच दोरावर, डोक्याला हेल्मेट आणि कमरेला पट्टा अशा थाटात हा साठीचा गृहस्थ अधांतरी बसलेला दिसे. दोन फूट वर सरकायचं, चढायची साधनं काढून उतरायची लावायची, दोन फूट खाली यायचं. की पुन्हा वर.

"काका, आज कुठपर्यंत?" मी विचारायचो.

"कालच्याइतकंच. तुमचं प्रमोशन झालं का?"

पिंपरीच्या एका कारखान्यातल्या सेफ्टी विभागात त्यांची नोकरी झाली. बाजार खुला झाला, नवी यंत्रं आली, माणसं जास्त झाली, तेव्हा काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पुढे एकदा लोणी काळभोरहून आलेला तानाजी नावाचा मजूर आमच्या झाडावर अनवाणी चढून फांद्या तोडताना त्यांना दिसला. "काय होत न्हाय काका, रोजचंच हाय," तो वरून म्हणाला. "ज्या दिवशी होतं तो दिवसही रोजच्यासारखाच उजाडतो," असं म्हणून काका घरात गेले आणि झाडावर दोरानं सुरक्षित चढायची विद्या शिकायचं ठरवूनच बाहेर आले. एका गिर्यारोहण शिबिरात विशीतल्या पोरांबरोबर आठवडाभर राहिले. बाकीचे धडे इंटरनेटवरून छापून आणायचं काम माझ्याकडे. आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरनं माझ्या प्रोजेक्टपेक्षा इनामदारांचे कागद जास्त काढले असतील.

सेक्रेटरींनी मार्केट यार्डातून एक जाडजूड दोर स्वस्तात आणून देऊ केला. काकांनी तो बोटांनी चाचपला आणि परत केला. "हा गोण्यांसाठी. गोणी पडली तर फाटते. तिला बायको नसते."

खरी अडचण दोराची नव्हतीच. काकांना झाडाखाली एक माणूस हवा होता. नुसता बघणारा नाही, तसे पन्नास जमायचे. त्यांना उतरवू शकणारा. दोराचं एक टोक चढणाऱ्याकडे, दोर वरच्या भक्कम फांदीवरून गेलेला आणि दुसरं टोक बुंध्याशी एका ब्रेकमध्ये बांधलेलं. वरचा माणूस निकामी झाला तर खालच्यानं ब्रेक हळूहळू सैल करायचा, म्हणजे दोरासकट माणूस खाली येतो. हे शिकलेला कोणी मिळाला नाही तर काका जन्मभर दोन फुटांवरच राहणार होते. आणि सोसायटीत शिकायला कोणी तयार नव्हतं.

"अहो, काही झालंच तर फायर ब्रिगेडला फोन करू की," सेक्रेटरी म्हणाले.

काकांनी दोर गुंडाळला. आठवडाभर ते घरातून खाली आले नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि मी त्यांच्या दाराची बेल वाजवली.

माझं शिक्षण भीषण होतं. काका दोन फुटांवर मान टाकून, हातपाय लोंबते सोडून बेशुद्ध व्हायचे. पहिल्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींनी किंकाळी फोडली. मी गडबडून "काका, आता कुठली कडी?" असं विचारलं.

"बेशुद्ध माणूस सूचना देत नसतो, सावंत," काका डोळे मिटूनच म्हणाले.

एकाच रविवारी त्यांना अठरा वेळा उतरवल्यावर मी काकूंकडे तक्रार केली, की काकांना आता जरा आवरा. काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला.

"गायकवाड म्हणून यांचे मित्र होते कारखान्यात. वरच्या क्रेनला रंग देताना पाय सुटला. कमरेचा पट्टा यांनीच हट्टानं बांधायला लावला होता. पट्टा पक्का निघाला, पडले नाहीत. पण पट्ट्यावर असं लटकून माणूस फार वेळ तगत नाही, आणि तिथून उतरवायचं कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं. शिडी पुरेना. हे खालून त्यांच्याशी बोलत राहिले. सुरुवातीला ते उत्तर देत होते."

तो चहा मला गोड लागला नाही. त्यानंतर मी मोजणं सोडलं.

महिन्याभरानं काका चढले. आधी आम्ही दोघांनी मिळून दोराला लोंबकळून फांदी पारखली. मग ते चाळीस फुटांवर गेले, तिथे दुसरा दोर बांधला, पार्किंगवर आलेली वाळकी फांदी कापून दोरीनं खाली सोडली आणि आपले आपण उतरले. सोसायटीनं टाळ्या वाजवल्या. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. "आता तुम्ही," ते मला म्हणाले.

माझेही दोन महिने दोन फुटांवर गेले. पुढे एका रविवारी मी तीस फुटांवर पोचलो. गार वारा होता.

"सावंत, आता बेशुद्ध व्हा!"

मी मान टाकली, हात सोडले, डोळे मिटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग दोर हलला आणि मी सावकाश, एकही झटका न बसता खाली येऊ लागलो. पाय जमिनीला टेकले, पाठ टेकली. डोळे उघडले तर काका शेजारी गुडघ्यांवर बसले होते. एक हात माझ्या छातीवर, नजर दुसऱ्या हातातल्या घड्याळावर.

"दोन मिनिटंसुद्धा नाही," ते म्हणाले. "एवढंच लागतं हो सावंत. एवढंच लागतं."