दोरीच्या आतली सुनावणी

तुळशीदासच्या नोकरीचा निकाल मंगळवारी अकरा वाजता मोखाड्याच्या कचेरीत लागायचा होता, आणि त्याच मंगळवारी सकाळी चौकशी अधिकारी मीना मॅडम थेट त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तुळशीदास तेव्हा कमरेला टॉवेल गुंडाळून कोंबड्यांमागे धावत होता. मॅडमना पाहताच त्याने आधी नमस्कार केला आणि मग टॉवेल सावरला. क्रम उलटा हवा होता हे त्याला नंतर सुचलं.

तुळशीदास मोखाड्याच्या वनउपज साहाय्य केंद्रात शिपाई होता. माणूस कामाला वाईट नव्हता, फक्त कामापर्यंत पोचायला त्याला वेळ लागायचा. पोशेऱ्याच्या पुढे डोंगरउतारावर त्याचा बेहेडपाडा, तिथून ओढ्यावरची मोरी ओलांडून रस्त्यापर्यंत चालायचं आणि मग सोन्याच्या जीपची वाट बघायची. केंद्र उघडायच्या वेळेला तुळशीदास बहुतेक जीपमध्ये नाहीतर जीपच्या मागे ढकलायला असे. उशीर आणि गैरहजेरी मिळून त्याची फाइल चांगलीच जाडजूड झाली होती. या वेळच्या नोटिशीत 'सेवेतून कमी का करू नये' असे शब्द होते. ते वाचून पुतळीने, म्हणजे त्याच्या बायकोने, रात्री भाकरीला हात लावला नव्हता. घरात महिन्याला पगार आणणारा तो एकटाच होता. बाकी सगळं पावसाच्या मर्जीवर होतं.

मीना मॅडम जव्हारला राहत आणि वेळेच्या बाबतीत घड्याळालाही सूट देत नसत. तुळशीदासची फाइल त्यांनी ओळ न ओळ वाचली होती. गंमत अशी, की त्यातले 'पोट बिघडले' असे सगळे खुलासे आधीच्या साहेबांनी बिनतक्रार मंजूर केले होते. मागच्या वर्षीचा एक खुलासा मात्र वेगळा होता: 'गावबांधणी असल्याने पाड्याबाहेर पडता आले नाही.' त्यापुढे मॅडमनी लाल शाईने शेरा मारला होता, 'असे काही नसते.' आणि 'जीप भरली नाही म्हणून उशीर' यापुढे, 'हे कारण होऊ शकत नाही.'

तरीही मॅडम अन्याय करणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणून तर त्या पहाटे उठून स्कूटरवरून आल्या होत्या. मोरीवरून पाणी वाहत होतं, तेव्हा स्कूटर पलीकडेच लावून, पावसात भिजायला नको म्हणून फोन तिच्या डिकीत ठेवून, साडी वर खोचून त्या पाड्यात शिरल्या.

"तुम्हाला घरून कचेरीत यायला खरंच किती वेळ लागतो ते मी आज तुमच्याबरोबर चालून बघणार आहे," मॅडम म्हणाल्या. "मग अकराला सुनावणी. चला, सुरू करा."

तुळशीदासचा चेहरा पडला. "मॅडम, चला मग, आत्ताच निघू. आज लवकर निघायला लागंल."

"का? आज का लवकर?"

"आज गाव बांधायचं हाय, रोगराई आत येऊ नये म्हनून. लावणी उरकली ना, आता बांधणी. मंगळूबाबा दोरी घेऊन निघालेत. येकदा वाटंवर दोरी पडली का उद्याच्या सकाळपर्यंत कोन आत नाय, कोन भायेर नाय, वस्तूपन नाय."

मॅडम हसल्या. हे हसू फाइलमधल्या लाल शाईचंच होतं. "तुळशीदास, मी समोर आहे म्हणून तुम्ही आज धावतपळत निघणार, आणि मग मला कळणार काय? रोज जे करता तेच करायचं. रोज जेवढा वेळ लावता तेवढाच लावायचा."

"पन मॅडम..."

"पण नाही नि बिण नाही. कोंबड्या."

म्हणजे त्याने कोंबड्या कोंडाव्यात अशी आज्ञा झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तुळशीदासला कामावर जायची घाई झाली होती, आणि पहिल्यांदाच त्याचा वरिष्ठ त्याला सावकाश घ्यायला सांगत होता. त्याने कोंबड्या कोंडल्या. विहिरीवर जाऊन पाणी आणलं. परत येऊन तो थेट वाटेकडे वळला, तर मॅडमनी हटकलं, "बैलांना वैरण रोज घालता की नाही?"

"घालतो, पन..."

"घाला मग."

तेवढ्यात पुतळीला पाहुणचार सुचला. नवऱ्याची नोकरी जिच्या हातात ती बाई दारात उभी, आणि तिला कोरा चहा द्यायचा? पुतळी शेजारच्या गौराकडे शेळीचं दूध मागायला गेली. गौराची शेळी डोंगराला चरायला गेली होती. मग गौरा शेळीच्या मागे गेली. मॅडमना बसायला खुर्ची हवी म्हणून तुळशीदास शाळेकडे पळाला. शाळेला कुलूप होतं आणि किल्ली दुसऱ्या घरात. शेवटी खुर्ची आली, पण तिचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली द्यायला दगड शोधणं आलं.

"मला चहा नको आहे हो," मॅडम म्हणाल्या.

"असं कसं मॅडम?" पुतळी म्हणाली. "पाहुना तसाच गेला तर मना रातची झोप नाय लागायची. ही बघा, आलीच गौरा."

गौरा नव्हतीच, नुसती शेळी आली होती. गौरा नंतर आली. चहा झाला, मॅडमनी फुंकर घालून तो प्यायला आणि घड्याळाकडे पाहून समाधानाने म्हणाल्या, "आता कळलं तुम्हाला उशीर का होतो ते."

"मॅडम, रोज खुर्ची आनाया लागत नाय," तुळशीदास काकुळतीने म्हणाला. पण तोवर वाटेकडून ढोल ऐकू आला, आणि तुळशीदासने डोक्याला हात लावला.

मोरीच्या अलीकडे, वाटेच्या दोन झाडांना आंब्याची पानं खोवलेली वाखाची दोरी आडवी बांधून झाली होती. मंगळूबाबा भगत हात झटकत तिच्यापाशी उभे होते. मोरीपलीकडे चार पावलांवर मॅडमची स्कूटर उभी होती. ओल्या सीटवर एक चिमणी बसली होती.

"बाजूला व्हा," मॅडम म्हणाल्या. "मला कचेरीत अकराला पोचायचंय."

"उद्या जा ना, बाय," मंगळूबाबा शांतपणे म्हणाले.

"बाबा, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"नसंल. तुमाला कोन विश्वास ठेवा बोलतो? नुसती दोरी वलांडू नका."

"ओलांडली तर काय होईल?"

"मागं एक मास्तर वलांडून गेला."

"मग?"

"बदली झाली त्याची. पालघरला, बायकोच्या गावाजवळ."

"म्हणजे चांगलंच झालं की त्याचं!"

"त्याचं चांगलं झालं. पाड्याला मग दोन वरसं मास्तर नाय भेटला." मंगळूबाबांनी दोरीचं एक पान सरळ केलं. "जानाऱ्याला काय होत नाय बाय. ऱ्हातो तो भोगतो."

मागे पाड्यातल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं जमली होती. कोणी अडवत नव्हतं, कोणी रागावलेलं नव्हतं. सगळे फक्त मॅडमच्या पायांकडे बघत होते. गौराच्या कडेवर तापाने मलूल झालेलं मूल होतं आणि तीसुद्धा पायांकडेच बघत होती. मॅडमनी उचललेलं पाऊल जागच्या जागी ठेवलं. नंतर पुष्कळ दिवस त्या स्वतःला सांगत राहिल्या, की तेव्हा चिखल फार होता.

इतक्यात मोरीपलीकडे सोन्याची जीप येऊन थांबली. मॅडमच्या जिवात जीव आला.

"अहो जीपवाले! दोरीपलीकडून बोलायला चालतं ना बाबा? चालतं? अहो, मोखाड्याला केंद्रात निरोप द्या, मीना मॅडम बेहेडपाड्यात अडकल्यात म्हणून! आमच्या कारकून सुनीताबाई असतील तिथे."

"देतो की मॅडम!" सोन्या ओरडला. "जीप भरली का लगेच जातो!"

"कधी भरेल?"

सोन्याने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग दोरीच्या आत उभ्या असलेल्या आपल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "भरंल हळूहळू," तो म्हणाला आणि सीटवर आडवा झाला. दुपारपर्यंत जीपमध्ये एकही माणूस चढला नाही. मग सोन्या घरी जेवायला गेला, तो मोखाड्याच्या उलट्या दिशेला.

तुळशीदास मात्र एका कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. "आता माझी नोकरी गेलीच," तो पुतळीला म्हणाला. "सुनावनीलापन गैरहजर."

मॅडमनी ते ऐकलं. त्यांच्याकडे फाइल होती, पेन होतं, आरोपी होता आणि वेळ तर नको इतका होता. त्या म्हणाल्या, "सुनावणीला कचेरीच लागते असं कुठे लिहिलंय? या, बसा."

आखूड पायाच्या खुर्चीवर मॅडम, समोर जमिनीवर तुळशीदास, आणि भोवती अख्खा पाडा, अशी सुनावणी झाली. मॅडमनी प्रश्न एकाला विचारावा आणि उत्तर सगळ्यांनी द्यावं. मधेच पुतळीने नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी आणून पुढ्यात ठेवली. मॅडमनी नको नको म्हणत दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीतली अर्धी कोर मागून घेतली. पुतळीने ही गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या पाड्याला सांगितली. नवऱ्याची नोकरी जाणार की राहणार हे ती तेवढ्यापुरतं विसरून गेली होती.

बुधवारी सकाळी मंगळूबाबांनी दोरी सोडली. मॅडम आणि तुळशीदास कचेरीत पोचले तेव्हा सुनीताबाई दारातच उभ्या होत्या.

"मॅडम, काल होतात कुठं? नेमके काल पालघरहून मोठे साहेब आले, न कळवता! अकराच्या ठोक्याला! म्हणाले, आरोपी गैरहजर हे समजू शकतो, चौकशी अधिकारीपण गैरहजर? फोन लावला तर नुसता वाजतोय."

"डिकीत होता," मॅडम क्षीण आवाजात म्हणाल्या.

टेबलावर त्यांच्या नावाची नोटीस होती. विनापरवानगी गैरहजेरीचा तात्काळ खुलासा करावा.

मॅडमनी ती बाजूला सारली आणि आधी तुळशीदासची फाइल उघडली. मागच्या वर्षीच्या खुलाशाचं पान काढलं. 'असे काही नसते' या शेऱ्याखाली त्यांनी त्याच लाल शाईने एकच शब्द लिहिला: 'असते.' जीपच्या पानावर लिहिलं, 'होऊ शकते.' मग निकालाच्या कागदावर त्यांनी नोंद केली, की कर्मचारी सुनावणीच्या दिवशी सकाळपासून चौकशी अधिकाऱ्यांसोबत अखंड हजर होता, सबब सेवेत कायम ठेवावे, समज पुरेशी आहे. तुळशीदासच्या साऱ्या नोकरीत इतकी भक्कम हजेरी आजवर लागली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसायला खिशात हात घातला, तर हाताला पुतळीने बांधून दिलेली भाकरी लागली.

मग मॅडमनी स्वतःचा खुलासा लिहायला घेतला. 'दिनांक मजकुरी मौजे बेहेडपाडा येथे गावबांधणी असल्याने पाड्याबाहेर...' इथे त्या थांबल्या. ही ओळ कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती.

तुळशीदास पाण्याचा पेला ठेवायला आला होता. त्याने कागदाकडे पाहिलं आणि अदबीने खाकरला.

"मॅडम, येक बोलू? पयल्या वक्ताला मीपन खरंच लिवलं होतं."

"मग काय लिहू?"

"पोट बिघडलं लिवा. आजपर्यंत येकदापन परत नाय आलं."

मॅडमनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

आठवड्याने पालघरहून उत्तर आलं. 'खुलासा समाधानकारक. यापुढे दौऱ्यावर असताना बाहेरचे अन्न खाणे टाळावे.'

मॅडमनी ते तुळशीदासला वाचून दाखवलं. त्याला हसू आलं, पण लगेच त्याचा चेहरा नोटीस आली त्या दिवसासारखा झाला. त्याने दार लोटून घेतलं.

"मॅडम, तेवढं आमच्या पुतळीच्या कानावर जाऊ नका देऊ. तिच्या हातचं बाधलं असं सरकारनं लिवलंय, हे कळलं तर माझी खरी सुनावनी घरी होईल. आन् थितं पोट बिघडलं बोलून भागायचं नाय."