तोलार अण्णांचं पोतं

तोलार अण्णा तुम्हाला पहिल्यांदा भेटले, तर ते नमस्कार करतील असं धरून चालू नका. ते तुम्हाला उचलतील.

दोन्ही काखांत हात घालून, जमिनीपासून वीतभर वर, डोळे मिटून. मग अलगद खाली ठेवतील आणि सांगतील, "बाहत्तर. बारदान वजा जाता सत्तर." बारदान म्हणजे धान्याचं रिकामं पोतं. अण्णांच्या लेखी तुमचे कपडे, चपला, मोबाईल आणि खिशातली तंबाखूची पुडी हे सगळं बारदानच. आमचे सासरे पहिल्यांदा उमरग्याला आले, तेव्हा गल्लीत पाऊल टाकतात न टाकतात तोच हवेत गेले. निवृत्त फौजदार माणूस. उभ्या नोकरीत ज्यांना उचलायचं त्यांना ह्यांनीच उचललेलं. खाली उतरल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "जावईबापू, हे कोण?" आणि अण्णांनी त्यांना विचारलं, "पावणं, आज आवक काय?"

आवक म्हणजे पोटात काय काय गेलं ते. सासऱ्यांनी दोन वडे आणि चहा असं कबूल केलं. अण्णांनी मान हलवली. "त्यो सगळा भुसा झाला. माल कुठं हाय?"

सिद्रामप्पा हे त्यांचं खरं नाव, पण चाळीस वर्षं मार्केट यार्डात वजनं करण्यात गेल्यामुळं ते जगाचे तोलार अण्णा झाले. नजरेनं वजन सांगायचे. यार्डात पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक काटा आला, त्या दिवशी काटा आणि अण्णा यांच्यात पाव किलोचा फरक पडला. सगळं यार्ड म्हणालं, अण्णा चुकले. अण्णा म्हणाले, काटा चुकला. दोन तास काम थांबलं. शेवटी पोत्याच्या मागं एक मांजर शेपूट काट्यावर टाकून झोपलेलं सापडलं. शेपूट काढलं, फरक गेला. पाव किलोचं शेपूट असतं का, असं मला विचारू नका. मी शाळेत मराठी शिकवतो, विज्ञान नाही.

निवृत्त झाल्यावर सत्तराव्या वर्षी अण्णांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामशाळा काढली. यार्डातली वीस किलोची जुनी लोखंडी मापं, ट्रॅक्टरचं टायर, फुटकं जातं आणि ज्वारीचं एक पोतं, एवढं साहित्य. पहिला आणि बराच काळ शेवटचा विद्यार्थी मी. मी स्वतःहून गेलो नव्हतो. एका सकाळी अण्णांनी मला आमच्या गेटाशी उचललं आणि खाली ठेवायच्या आधी माझ्या बायकोला हाक मारली, "सुनबाई, गुरुजींचा माल सगळा पोटाच्या गोदामात पडून हाय. दंडाच्या पेठंत आवकच न्हाय." आमच्या सौभाग्यवतींनी त्याच क्षणी मला अण्णांच्या स्वाधीन केलं. मी तेव्हा हवेत असल्यामुळं माझं मत कुणी विचारलं नाही.

अण्णांची शाळा दोन भागांत. पहिला अर्धा तास शेडमध्ये, दुसरा अर्धा तास ताटावर. ह्यात ताटाचा भाग जास्त दमवणारा. मोड आलेली मटकी, भिजवलेले शेंगदाणे, हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, करडईची भाजी आणि तांब्याभर ताक. माझ्यासमोर बसून अण्णा प्रत्येक घास आत जाईपर्यंत बघायचे, पोतं मोजल्यासारखे.

"गुरुजी, आंग म्हंजे बांधकाम हाय," ते सांगायचे. "माप उचललं म्हंजे भिंत चढत न्हाय. उचलल्यावर विटा यायला पायजेत. विटा डाळीत, उसळीत, दुधात. आन् गवंडी रातीला येतो, तुमी झोपल्यावर. तुमी बाराला मोबाईल बघत बसला, तर त्यो बिचारा दारातनं माघारी जातो."

मला आठवडाभर स्वप्नात थापी घेतलेला गवंडी दिसायचा. आम्ही नऊला झोपू लागलो.

लग्नात अण्णांना नेणं म्हणजे आचाऱ्याच्या जिवावर उठणं. वाशीला माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी वरणाच्या पातेल्यात कोपरापर्यंत पळी घातली, तळ ढवळला आणि पळी वर काढून उजेडात धरली. आचारी कमरेवर हात देऊन उभा.

"काय शोधताय, अण्णा?"

"डाळ."

"तूरडाळच आहे."

"असंल. गेल्या महिन्यात हितनं गेली असंल. वास हाय अजून."

मग नवरदेवाला बोहल्यावर चढण्याआधीच उचललं. छप्पन्न, फेटा वजा जाता पंचावन्न. "असल्या पोरावर संसाराचं ओझं टाकताय व्हय?" म्हणत त्याच्या खिशात त्यांनी फुटाण्यांची पिशवी कोंबली. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव अंतरपाटाच्या आडून फुटाणे चावत होता, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. आता तो पासष्ट किलोचा आहे. दर दिवाळीला अण्णांना फोन करून आवक सांगतो.

हायवेवरच्या नव्या जिमचा मालक एकदा त्याचा पावडरचा डबा घेऊन अण्णांना पटवायला आला. अण्णांनी डबा हातात घेतला, डोळे मिटले, झाकण उघडून आत बघितलं. "अर्धा डबा मोकळाच की वो. हे तर बारदानच जास्त हाय." मालकाला ताक पाजून परत पाठवलं. हल्ली तो जिम उघडण्याआधी इथं मटकी खाऊन जातो.

अण्णांच्या सगळ्या हट्टांचं गिऱ्हाईक मी नव्हतो. मुख्य गिऱ्हाईक होती काशव्वा, त्यांची बायको. गेल्या संक्रांतीला मोरीत घसरून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातून ती अर्धी होऊन घरी आली. जेवणावरची वासनाच गेली तिची. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळलंय, आता अंगात ताकद आली तरच पाय उभे राहतील. रोज सकाळी मी जायचो तेव्हा ती ओट्यावर खुर्चीत उन्हाला बसलेली असायची, शेजारी वॉकर, मांडीवर शेंगांनी भरलेलं सूप. "कशी आलात, अव्वा?" विचारलं की वॉकरकडं बोट दाखवायची. "ह्याला धरून. मला काय झालंय?" आम्हाला कौतुक वाटायचं. अण्णा तिच्या ताटात उसळ वाढत राहायचे आणि ती "साकु, साकु" म्हणत ताटावर हात धरायची. साकु म्हणजे कानडीत पुरे. अण्णांना कानडी उत्तम येतं, फक्त एवढा एक शब्द त्यांना ऐकू येत नाही.

आता ते पोतं.

व्यायामाच्या शेवटी अण्णा ज्वारीचं पोतं उचलायचे. हमालासारखं पाठीवर नाही, पैलवानासारखं डोक्यावर नाही. दोन्ही हातांवर आडवं. तसंच घेऊन तीन पायऱ्या चढायचे, शेडच्या दारातून अंग तिरकं करून आत यायचे आणि एका मोडक्या खुर्चीवर पोतं ठेवायचे. आवाज झाला की पुन्हा पहिल्यापासून. मग मला तेच करायला लावायचे. मी पोतं ठेवलं की खुर्ची ओरडायची, आणि अण्णा म्हणायचे, "उचलणं कुणालाबी येतंय. ठेवणं शिका."

"अण्णा, मला कुठं यार्डात लागायचंय?"

"प्रत्येक हमालाला बदली गडी लागतो, गुरुजी. माझं वय काय हाय?"

मी हसायचो. अख्खी गल्ली हसायची. पोत्याचं वजन तर त्याहून विनोदी. कधी अडतीस किलो, कधी साडेसदतीस. अण्णा मधूनच ओंजळभर ज्वारी घालायचे, मधूनच काढायचे. घातली त्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू वाटायचे, गेटासमोरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही. पावसाळ्यात एकदा त्यांनी एकदम दोन किलो ज्वारी काढली. लाडू नाहीत, आवक विचारणं नाही. मला गंमत सुचली. म्हटलं, "काय अण्णा, ताकद उतरली वाटतं?"

चाळीस वर्षं यार्डात व्यापाऱ्यांची तोंडं बंद केलेला माणूस पोत्याचं तोंड बांधत राहिला. त्या आठवड्यात ताटात उसळीबरोबर खवा, दही, तुपातला शिरा असं काय काय यायला लागलं. मला वाटलं, माझ्यासाठी. मी मनापासून खाल्लं.

परवा मात्र शाळेत तपासणी होती, म्हणून मी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी गेलो. नुकतं उजाडलं होतं. गेटाच्या कडीला हात लावला आणि तिथंच थांबलो.

अण्णा घरातून बाहेर येत होते. दोन्ही हातांवर आडवी काशव्वा. तिनं डोळे घट्ट मिटले होते. चौकटीत अण्णांनी अंग तिरकं केलं.

"सावकाश. उंबरा हाय."

"चाळीस वर्षं झाली उंबरा बगतोय मी."

दारासमोरच्या तीन पायऱ्या उतरून ते ओट्यावर आले. खुर्चीत तिला ठेवलं. आवाज झाला नाही.

"एकोणचाळीस," अण्णा म्हणाले.

"लुगडं वजा केलं का?"

"केलं."

"खोटं सांगू नगा. काटा हाय का तुमाला?"

"काशे, म्या तोलार हाय."

ती हसली. तिला असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. अण्णांनी तिच्या पायावर शाल सारखी केली, घरात गेले, वॉकर उचलून आणला आणि खुर्चीशेजारी नीट, हाताला येईल असा ठेवला. त्याचे रबरी पाय कोरे करकरीत होते. त्यांना माती म्हणून लागली नव्हती.

मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मागं गेलो. तिथून उगाच खोकत, चपला फटफटवत, फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं बोलत परत आलो. फोन बंद होता. गेट उघडेपर्यंत काशव्वा शेंगा फोडत होती आणि अण्णा शेडमध्ये पोत्यात ज्वारी घालत होते.

"कशी आलात, अव्वा?"

तिनं वॉकरकडं बोट दाखवलं.

"आज आवक काय, गुरुजी?" शेडमधून अण्णा.

मी काल रात्री खाल्लेलं सगळं सांगितलं. मटकी, दही, दीड भाकरी. एरवी मी एक वाटी खोटी सांगतो, त्या दिवशी नाही सांगितली. मग न सांगता पोत्याकडं गेलो. दोन्ही हात खाली घातले, आडवं उचलून बाहेर अंगणात आणलं. एकोणचाळीस किलो, ओंजळभर इकडं तिकडं. तीन पायऱ्या चढलो. दारात अंग तिरकं केलं. गुडघे वाकवून, श्वास सोडत, अगदी हळू खाली ठेवलं.

खुर्ची काही बोलली नाही.

अण्णा बघत राहिले. बाहेर ओट्यावर शेंगा फोडण्याचा आवाज थांबला होता.

"गुरुजींचं जमाय लागलं की वो," काशव्वा म्हणाली.

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि लाडवांचा डबा आणायला घरात गेले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.