ओढ्याकाठचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, त्या सकाळी विशेष काहीच घडत नव्हतं. साळू मावशी कंद उकरत होती. साळू मावशी म्हणजे जंगलाची सुईण, जातीची साळिंदर.

तेवढ्यात टिटवी आली. "मावशी, ओढ्यापलीकडं दिलेल्या तुझ्या बहिणीनं अन्न सोडलंय. सारखं तुझं नाव घेतेय. लवकर जा."

मावशी कंद तिथंच टाकून निघाली.

ओढ्यावर 'ओढारक्षक दल' उभं होतं. गळ्यात गुळवेलीचे पट्टे, चेहऱ्यावर जंगलाची काळजी. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ते आपले आपणच नेमले गेले होते. पुढे रंगराव कोल्हा.

"जायचं तर जा, मावशी," रंगराव म्हणाला. "पण परत येताना जन्म कुठला ते विचारणार. पलीकडे जन्मला तो परका. परक्याला इथं थारा नाही."

"मला विचारतोस, रंग्या? मी धाकटी, ह्याच काठची. पलीकडचा तू."

"काहीतरीच!"

"अरे, तुझ्या आईचं माहेर पलीकडच्या करवंदीत. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तू थोरला. तुझी नाळ मीच पुरली तिथं."

दलात चुळबुळ झाली. सुना ओढ्यापलीकडूनच आणायच्या, अशी जंगलाची रीत होती. आणि दलात सगळे थोरलेच होते. धाकट्यांना घरची कामं असत.

"आणि मी गं, मावशी?" रानडुकरानं हळूच विचारलं.

"तूही तिकडचाच. शिवाय पायाळू."

दल बाभळीआड जाऊन बराच वेळ कुजबुजलं. परत आलं ते पळसपानांची शाल आणि नारळ घेऊन.

"मावशी, आजपासून तुम्ही जन्मप्रमुख," रंगराव अदबीनं म्हणाला. "इथं बसायचं. येईल त्याला 'जन्म ह्याच काठचा' म्हणून सांगायचं. तुमच्या रक्षणाला चौघं राहतील."

"अरे बाळा, बहीण वाट बघतेय माझी."

"एवढी रांग संपली की लगेच!"

रांग लांबलचक होती. सगळ्यात पुढे दलच होतं. मावशी उठू लागली की कुणीतरी पाया पडे, कुणी हार घाले. हार काट्यांत अडके. तो सोडवण्यात आणखी वेळ जाई. रक्षणाचे चौघे वाटेवरच आडवे पसरले होते.

तिसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा आली. ह्या खेपेला ती 'लवकर' म्हणाली नाही.

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याला कधी हाकलून देऊ नये. त्याचा सत्कार करावा, म्हणजे तो हवा तितका वेळ बसवून ठेवता येतो. साळू मावशीचं बहिणीला भेटायचं राहून गेलं.