तांब्या पुढं, मी मागं

आमच्या आळीत एक माणूस रोज सकाळी स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन बाहेर यायचा, मोटारीच्या डिकीत तो आडवा निजवायचा आणि गाडी घेऊन निघून जायचा. संध्याकाळी आला की सिलिंडर काढायचा, घरात न्यायचा, शेगडीला जोडायचा. मग त्या घरात भाकरी व्हायची.

हे आमचे शेजारी बापू हवालदार. साताऱ्यात मिलिटरीतून आलेली माणसं ढिगानं आहेत. कोणी बर्फाचं सांगतो, कोणी बंदुकीचं. पण बायकोच्या चुलीवर मोटार पळवणारा मी हा एकच पाहिला.

मी स्वतः मोटारीतला माणूस नव्हे. चौथीत शाळा सुटली ती बैलांच्या पायी, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उभा जन्म बैलगाडी हाकली. बैलाला काय हवंनको ते त्याच्या शेपटीवरून ओळखतो. त्यामुळं गाडी हाकण्याबद्दल मी जे बोलेन ते ऐकून घ्यावं, एवढीच माझी अपेक्षा.

बापूनं पलटणीत ट्रक चालवला. पेन्शनीत निघाल्यावर एक जुनी मोटार घेतली आणि ती पण ट्रकासारखीच चालवायला लागला. कोपर कायम हॉर्नवर. पुढं कोणी दिसलं की त्याला मागं टाकल्याशिवाय जेवण जायचं नाही. शिव्या तर पंजाबी, हिंदी, मराठी अशा तिन्ही. साताऱ्याच्या नाक्यावर सुरू केलेली शिवी उंब्रजला संपायची. त्याची बायको, आमच्या शालनवहिनी, गाडीतून उतरल्या की आधी वाकून जमिनीच्या पाया पडायच्या.

लेक सुमन एकुलती एक. तिला सांगलीला हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी दिलेली. तिचे सासरे लग्नानंतर एकदा साताऱ्याला आले. बापू त्यांना स्टँडवरून आणायला गेला. व्याह्यांच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. घर येईपर्यंत त्यातला निम्मा पेढा मागच्या काचेला चिकटला होता. व्याही उतरले, हसले, जेवले, आणि जाताना म्हणाले, "मला आपली एसटीच सोसते." एसटी स्टँडपर्यंत ते चालत गेले.

पुढं पेट्रोल पेन्शनीला परवडेना. कराडला एक मिस्त्री होता, तो मोटारीला गॅस जोडून द्यायचा. कायद्यात बसत नव्हतं म्हणे, पण तेव्हा लय जण करायचे. त्यानं स्टिअरिंगच्या खाली एक खटका बसवला. वर केला की पेट्रोल, खाली केला की गॅस. गाडी सुरू करायची पेट्रोलवर, तापली की खटका खाली.

पण सिलिंडर घरात एकच. दुसऱ्यासाठी नंबर लावलेला, तो काही येत नव्हता. म्हणजे झालं असं, की बापूनं दिवसा गाडी दामटली की रात्री वहिनींची शेगडी विझायची.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडं जेवायला होतो. आमटीतली डाळ दातांखाली कडकड वाजत होती.

वहिनी म्हणाल्या, "आज कुणाला गाठलंसा?"

"कुणाला न्हाई," बापू ताटात बघत म्हणाला.

"खरं सांगा. डाळ न्हाई शिजली."

"एक टेंपो हुता. लय माजला हुता."

"मग आता त्या टेंपोवाल्यालाच सांगा, बाबा, आमची डाळ शिजवून दे म्हणावं."

मला ठसका लागला. बापू डाळ चावत राहिला.

त्या दिवसापासून माणूस बदलायला लागला. एक्सलेटरवर पाय असा ठेवायचा की जणू खाली काही जिवंत आहे. मी म्हटलं, "दाब की जरा, दुपार व्हायली." तर म्हणायचा, "पायाखाली कोंबडीचं पिल्लू हाय असं समजायचं, नाना. पिल्लू!" हे पिल्लू मग त्याच्या तोंडी बसलंच. मागून कोणी हॉर्न मारला की पिल्लू. नाक्यावर गाड्या तुंबल्या की इंजिन बंद आणि पिल्लू. मागचे लोक ओरडायचे. हा हात बाहेर काढून त्यांना पुढं जायची खूण करायचा, लग्नात पाहुण्याला पंगतीला बसवतात तशी.

खटका वर गेला की मात्र जुना बापू जागा व्हायचा. चढाला गॅस पुरत नसे, तेव्हा पेट्रोल घ्यावं लागे. चढाच्या पायथ्याशी खटका वर, की मान ताठ, मिशी ताठ, आणि पहिली पंजाबी शिवी बाहेर. माथ्यावर खटका खाली, की आवाज पण खाली. एका चढात दोन माणसं बघायला मिळायची.

हळू चालवायला लागल्यापासून त्याला रस्ता दिसायला लागला. एकदा मला म्हणाला, "नाना, हा वड कवा लावला रं हितं?"

मी म्हटलं, "आपल्या आज्याच्या आधी."

"मला कसा दिसला न्हाई?"

"तू ट्रकांची बुडं बघत हुतास."

आणि एकदा तर आमच्या चुलतभावाची बैलगाडी त्याच्या मोटारीला मागं टाकून गेली. रिकामी गाडी, तरणे बैल, उतार. पण गेली! माझी छाती काय फुगली म्हणता! बापूनं त्या बैलांना सलाम ठोकला. सहा महिन्यांपूर्वी त्यानं चुलतभावाच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

मी याला चिक्कूपणा समजत होतो, आणि तसं तोंडावर म्हणत पण होतो.

मग सुमनला दिवस गेले. पाचव्यात सांगलीला डोहाळजेवण झालं. आम्ही सगळे गेलो. ओटी भरून झाल्यावर वहिनींनी विषय काढला, की पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात लेकीला न्यायला येतो.

विहीणबाई म्हणाल्या, "रीत आहे, आम्ही कुठं नाही म्हणतो? पण तुमच्या गाडीतून नको हो. ह्यांचे पेढे आठवतात मला अजून."

बापू म्हणाला, "मग काय माझ्या लेकीला दुसऱ्याच्या गाडीतनं आणू?"

व्याही मान खाली घालून सुपारी कातरत होते. म्हणाले, "हवालदार, राग मानू नका. सातव्यात या. मी स्वतः तुमच्या गाडीत बसून बघतो. मनाला पटलं तर पाठवीन. नाहीतर बाळंतपण इथंच होऊ द्या."

एरवी बापूनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसती मिशी हलली. दाराआडून सुमन बघत होती. तिला माहेरी यायचं होतं, हे तिच्या डोळ्यांत कोणालाही दिसलं असतं. परतीला वहिनी इस्लामपूर येईपर्यंत पदरानं डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं गाडीचं पुढचं दार उघडलं, तर माझ्या जागेवर तांब्या. खाली वहिनींची चुंबळ, पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर घेतात ती, आणि तिच्यावर काठोकाठ भरलेला पितळी तांब्या.

"ह्यो काढ," मी म्हटलं.

"तू मागं बस."

"मी मागं? आन् तांब्या पुढं?"

"रेडिएटरला लागतं पाणी."

"तेवढ्यानं तुझ्या रेडिएटरची चूळ तरी भरंल का?"

"नाना, बसायचं तर मागं बस. न्हाईतर चाल."

मी चाललो. माझा पण स्वभाव आहे. चार दिवस मी त्या गाडीकडं ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी कराडला काम निघालं, ऊन मी म्हणत होतं, तेव्हा बसलो. मागं बसलो, पण तोंड खिडकीकडं करून बसलो, म्हणजे मी राजीखुशीनं बसलेलो नाही हे रस्त्यावरच्या लोकांना कळावं.

घरी आल्यावर बापू तांब्या उचलायचा आणि चुंबळ चाचपायचा. ओली लागली की पुटपुटायचा, "अजून न्हाई." मग दुसऱ्या दिवशी परत काठोकाठ तांब्या आणि परत तोच रस्ता. कुठं खड्डा आहे, कुठं गतिरोधक, कुठं डांबर फुगलंय, हे त्याला आळीतल्या पोरांच्या नावासारखं पाठ झालं. कराडपर्यंत जायचा, कधी त्याच्या पुढं, आणि काही काम नसताना परत यायचा. वहिनी तेवढे दिवस चुलीत लाकडं घालून स्वयंपाक करत होत्या आणि त्याला एका शब्दानं बोलत नव्हत्या. मी म्हटलं, नवरा-बायको दोघांचं फिरलंय.

सातवा लागला. सांगलीला जायचं ठरलं. सुमनला भाऊ नाही, म्हणून लेकीला सासरहून आणणारा मुराळी म्हणून मी जायचं होतं. मी धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला आणि पुढच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो.

"मुराळ्यानं तरी पुढं बसायचं का न्हाई?"

"नाना," बापू म्हणाला, "आज भांडू नगंस. पाया पडतो तुझ्या."

या माणसानं कधी कोणाला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. गुमान मागं बसलो. वाटेत गाडी तापली, पण त्यानं खटक्याला हात लावला नाही. मला वाटलं, घाबरून विसरला. आणि गंमत म्हणजे पेट्रोल असून एक शिवी नाही. पंजाबी नाही, मराठी पण नाही.

सांगलीत चहा झाला आणि व्याही उठले. हातात पेढ्यांचा पुडा. गाडीत माझ्या शेजारी बसले, पुडा सोडला आणि मांडीवर उघडा ठेवला. कृष्णेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. बापूनं आरशात तो पुडा बघितला आणि कपाळ पुसलं.

जाताना ठीक झालं. येताना एक रिक्षा बोळातून सुसाट आली आणि आमच्या नाकासमोरून आडवी गेली. बापूनं गाडी अशी थांबवली, की पाळण्यातलं पोर जागं होऊ नये. पण कान लाल झाले. मी डोळे मिटले. आता सगळं संपलं.

बापू म्हणाला, "जाऊ द्या बिचाऱ्याला. घाई असंल."

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मग दोघांनी पेढ्यांकडं पाहिलं. एकही जागचा हलला नव्हता.

"हवालदार," व्याही म्हणाले, "गाडी बदललीत का हो?"

"न्हाई जी. गाडी तीच हाय."

व्याह्यांनी एक पेढा बापूच्या हातावर ठेवला. "घेऊन जा सुमनला," म्हणाले.

सुमनची ट्रंक ठेवायला मी डिकी उघडली, तर डिकी मोकळी. झाडून पुसून लख्ख.

"बापू," मी हळूच म्हटलं, "सिलिंडर कुठाय?"

"घरी."

"का रं?"

"लेकीच्या पाठीशी बाँब बांधू व्हय?"

"आन् आमच्या पाठीशी चालतोय व्हय? दोन म्हैनं मी त्याला टेकून बसतोय!"

"तू काय, नाना," बापू ट्रंक आत सरकवत म्हणाला, "तुला यम तरी कशाला न्यायला येतोय?"

सुमन माझ्या शेजारी बसली. पुढं तांब्या होताच. बापू पेट्रोलवर गॅसच्या चालीनं निघाला. पोर अर्ध्या वाटेत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. कराड मागं पडलं आणि एका ट्रकानं कट मारला, असा की माझा फेटा हलला. बापूनं गाडी हळूच बाभळीखाली घेतली, इंजिन बंद केलं, दार न वाजवता उतरला आणि शेजारच्या उसात शिरला. आत गेला, दिसेनासा झाला. मग उसातून जे काही ऐकू आलं ते मी लिहीत नाही. तिन्ही भाषांत होतं. बगळ्यांचा थवा भर्रकन वर उडाला.

सुमनला जाग आली. "नानाकाका, बापू कुठं गेलं?"

"ऊस बघाया गेलाय."

तिनं थोडा वेळ कान दिला. "लय वाईट आलाय वाटतं ऊस," म्हणाली, आणि पदर तोंडावर धरून हसत राहिली.

बापू आला. फेट्याला उसाचं पाचट लागलेलं, तोंड एकदम शांत. "पाणी पायजे का, बाळ?" म्हणाला. तिला नको होतं. गाडी निघाली.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. आतून दूध तापल्याचा वास येत होता. त्या दिवशी गॅस घरचा घरात होता. वहिनी भाकरतुकडा घेऊन धावत दारात आल्या. लेकीवरून ओवाळला, टाकला, आणि मग कपाळावर हात मारला. "आगं बया, पायावर घालाया पाणीच आणलं न्हाई!"

बापूनं पुढचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. सकाळी भरला होता तसा. वहिनींनी लेकीच्या पायावर पाणी घातलं. बापू जरा लांब उभा राहून त्या पायांकडं बघत होता, आणि मिशी पुसायच्या निमित्तानं डोळे पुसत होता.

सगळे आत गेले. मी गाडीपाशी मागं राहिलो. कोणी बघत नाही असं पाहून पुढच्या सीटवरची चुंबळ चाचपली.

कोरडी होती.