थंडीची चाचणी

“ही स्लीपिंग बॅग पाच अंशांपर्यंत चालते,” दुकानदार म्हणाला.

“चालते म्हणजे? आत झोप लागते, की माणूस नुसता जिवंत राहतो?” आईने विचारलं.

दुकानदाराने आधी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता. “दोन्ही, ताई,” दुकानदार म्हणाला.

आठ वर्षांची लेक शाळेबरोबर डोंगरावर जाणार होती, एक रात्र तंबूत. महिनाभर लेक हवेत होती आणि आई काळजीत. तिने सात बॅगा उलगडायला लावल्या, प्रत्येकीची चेन दहादा वरखाली केली. अंथरायची मॅट, फुगवायची उशी, डोक्याला बांधायचा दिवा असं सगळं बाजूला काढलं.

“ही शिट्टी पण ठेवा. मूल वाट चुकलं तर वाजवता येते.”

“वाट चुकतात तिथे?”

आपण काय बोलून बसलो ते दुकानदाराला तेव्हा कळलं. पुढचा अर्धा तास तो तिची समजूत काढत होता. शेवटी तिने शिट्ट्या दोन घेतल्या.

घरी येताच तिच्या मनात पाल चुकचुकली. परक्या माणसाच्या शब्दावर पोरीला डोंगरावर पाठवायचं? सहलीच्या आदल्या दुपारी तिने बेडरूमचा एसी सोळावर नेला, समोर टेबलफॅन लावला, आणि स्वेटर, कानटोपी, मोजे चढवून लेकीला बॅगेत बंद केलं.

“आई, उकडतंय.”

“तिकडे थंडी असेल. पडून राहा.”

“पण मी इकडे आहे ना!”

अर्ध्या तासाने आईने आत हात घातला. पोर घामाने निथळत होती. घाबरून तिने तिला ओढून बाहेर काढलं, ओले कपडे उतरवले आणि टॉवेल शोधायला धावली. एसी, पंखा तसेच सुरू. टॉवेल सापडेपर्यंत लेकीने तीन शिंका दिल्या. संध्याकाळी ताप एकशे एक.

“बॅग पास,” नवरा म्हणाला. “लेक नापास.”

“तू गप्प बस. महिनाभरात एक तरी काम केलंस?”

“केलं की. गप्प बसलो.”

वर्गशिक्षिकेचा फोन आला. “सकाळी ताप नसेल तर आठच्या बसला आणा. असला तर मात्र नेता येणार नाही हं.”

एरवी औषधाचा चमचा दिसला की पलंगाखाली शिरणारी लेक त्या संध्याकाळी स्वतःच बाटली घेऊन आली. सामान दाराशी रचून लवकर झोपली.

सकाळी सात वाजता तिने न सांगता आ केला. थर्मामीटर वाजला. आईने तो उजेडात धरला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. कपाळ गार, डोळे लख्ख, पायांत बूटसुद्धा चढवलेले.

“किती गं, आई?”

आईने बटण दाबलं. आकडा विझला.

“आहे अजून थोडा,” ती म्हणाली आणि लेकीच्या बुटांची नाडी सोडायला खाली वाकली.