उतारावरची टेस्ट ड्राइव्ह

कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाचा भावफलक मॅनेजरच्या खुर्चीतून अगदी सरळ समोर दिसत असे. शोरूमला एवढी मोठी काच ज्याने बसवली त्याला मॅनेजरने गेल्या वर्षभरात इतके तळतळाट दिले होते, की तो माणूस अजून हिंडता-फिरता असेल तर कमालच म्हणायची. आजही पंपावरचा कामगार शिडी लावून आकडे बदलत होता.

"वाढला?" आतल्या केबिनमधून शेठनी विचारलं.

"वाढला."

"किती?"

"बघवलं नाही, शेठ."

तीन वर्षांपूर्वी पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा याच काचेतून किती छान दिसायचं! लोक यायचे, सात माणसं बसतील अशी गाडी बघायचे आणि म्हणायचे, "याच्यापेक्षा मोठी नाही का?" घरात माणसं तीन, पण गाडी सातजणांची हवी. समोरच्या शोरूममध्ये छोट्या गाड्या मिळत. सगळा रस्ता त्यांना 'डबीवाले' म्हणायचा आणि यांना 'हत्तीवाले'. डबीवाल्यांचा मॅनेजर तेव्हा दिवसभर माशा मारत बसायचा. आपल्या मॅनेजरला त्याची दया यायची, आणि थोडी गंमतही वाटायची. खोटं कशाला बोला?

मग पेट्रोल चढलं आणि लोकांची आवड एका रात्रीत बदलली. आता तेच लोक यायचे, हत्तीच्या बॉनेटवर टिचकी मारायचे आणि विचारायचे, "किती देते?" एका लिटरमध्ये किती किलोमीटर, एवढाच प्रश्न. गाडीचा रंग नको, गाणी नकोत, गरम होणारी सीट नको. उत्तर ऐकलं की 'अरे देवा' म्हणायचे, मुलांना सीटवर बसवून फोटो काढायचे आणि रस्ता ओलांडून डबी बुक करायला जायचे.

आज महिन्याची शेवटची तारीख होती. कंपनीने पत्र पाठवून स्पष्ट कळवलं होतं: महिनाअखेर सहा गाड्या विकल्या नाहीत तर एजन्सी बंद. पाच विकल्या होत्या. त्यातल्या दोन शेठच्या साडूच्या गळ्यात मारल्या होत्या आणि साडूने शेठशी बोलणं टाकलं होतं. सहावी गाडी संध्याकाळी सहापर्यंत गेली नाही तर मॅनेजर उद्यापासून घरी. वय त्रेपन्न. या वयात कोण नोकरीवर घेणार? सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली होती, "अहो, आज काय ते होऊन जाऊ दे. रोज रोज हे तोंड बघवत नाही मला." मॅनेजरलाही बघवत नव्हतं, पण दाढी करताना बघावं लागे.

आता या शोरूमची एक पद्धत सांगायला हवी. शोरूम होती चढाच्या माथ्यावर. टेस्ट ड्राइव्ह मागच्या फाटकातून निघायची आणि सरळ उताराने खाली पाण्याच्या टाकीपर्यंत जायची. निघताना डेमो गाडीचा मायलेजचा आकडा शून्यावर आणायचा. खाली पोचेपर्यंत पडद्यावर बावीस, तेवीस, एकदा तर सव्वीस आले होते. खाली कॉफीचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाला कॉफी पाजायची आणि आकडा डोळ्यांपुढे ताजा असतानाच फॉर्मवर सही घ्यायची. सही झाली की मग वर. वर येताना ड्रायव्हरमामा गिऱ्हाइकाशी इतकं बोलायचे, की पडद्याकडे बघायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

शेठनी त्यातही काटकसर शोधली होती. डेमो गाडीत एका फेरीपुरतं, म्हणजे दोनच लिटर पेट्रोल भरायचं, आणि तेही शेठच्या सहीची चिठ्ठी असेल तर. पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा त्या गाडीत कायमच लागलेला असे, म्हणून मामांनी त्यावर कंपनीचं गोल स्टिकर चिकटवून टाकलं होतं.

दहा वाजता शेठनी एका चिठ्ठीवर सही केली आणि ते छाती धरून डॉक्टरकडे गेले. सव्वादहाला एक कुटुंब आलं, टाकीपर्यंत जाऊन आलं, कॉफी प्यायलं, पाच-पंचवीस फोटो काढले आणि रस्ता ओलांडून डबीवाल्यांकडे गेलं. चिठ्ठी संपली.

दुपारी साडेतीनला एक बाई आल्या. गणिताच्या शिक्षिका, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. हातात वही, वहीला बांधलेली पेन्सिल.

"मला बहिणींना घेऊन फिरायचं आहे. आम्ही पाचजणी. सगळ्या अंगाने बऱ्यापैकी आहोत. गाडी मोठी हवी."

मॅनेजरच्या अंगावर काटा आला. 'गाडी मोठी हवी' हे वाक्य त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"साहेब," मामा कानाशी येऊन म्हणाले, "पेट्रोल नाही."

"खाली जाण्यापुरतं आहे ना?"

"खाली जायला पेट्रोल कशाला लागतंय? सोडलं तरी जाईल. मी वर यायचं म्हणतोय."

"वर यायचं नंतर बघू. आधी सही."

बाई स्वतः चालवायला बसल्या. शेजारी मॅनेजर, मागे मामा. गाडी डौलात खाली निघाली. टाकीपाशी पडद्यावर बावीसचा आकडा आला आणि बाईंनी तो वहीत लिहून घेतला.

"वा! बावीस?"

"बावीस," मॅनेजर नम्रपणे म्हणाला. "कॉफी घेऊया? फॉर्म आणलाच आहे."

"कॉफी मला चालत नाही. पित्त होतं." बाईंनी गाडी वळवली. "चढावर कशी ओढते ते बघते. खाली काय, हातगाडीसुद्धा जाते."

 मॅनेजरने मामांकडे पाहिलं. मामांनी आभाळाकडे पाहिलं.

"बाई, वरचा रस्ता खराब आहे."

"आत्ताच त्याच रस्त्याने आलो ना आपण?"

"येताना चांगला आहे. जाताना..."

बाईंनी चष्म्यावरून असं काही बघितलं, की त्रेपन्न वर्षांचा मॅनेजर फळ्यापुढे उभा असल्यासारखा गप्प झाला. चढ सुरू झाला. बाईंनी आकडा पुन्हा शून्यावर आणला. ते कसं करायचं हे त्यांना न सांगता कळलं होतं. पडद्यावर आठ आले, मग सात, मग सहा.

"सहा," बाई म्हणाल्या.

"पण बावीस आणि सहा मिळून चौदा होतात बाई! चौदा काही वाईट नाही."

"अठ्ठावीसचे निम्मे चौदा, असंच ना? इथे तसं चालत नाही. अंतर जाताना-येताना तेवढंच आहे. वर येताना पेट्रोल किती जास्त जळलं ते धरा. नऊ. फार तर साडेनऊ." त्यांनी वहीत साडेनऊ लिहून खाली दोन रेघा मारल्या. "या चुकीला मी अर्धा गुण कापत असे."

तेवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. कुठे थांबली? चढ संपवून, मुख्य रस्त्यावर येऊन, आपल्या शोरूमपासून तीस पावलांवर, नेमकी डबीवाल्यांच्या फाटकात. आणि अशी आडवी थांबली, की डबीवाल्यांच्या गिऱ्हाइकांची एकही गाडी आत जाईना की बाहेर येईना.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पेट्रोल संपलं," मामा म्हणाले. मामांचा तोंडाला कुलूप घालण्याचा स्वभावच नव्हता. "हे स्टिकर काढा, खाली दिवा दिसेल."

बाईंनी नखाने स्टिकर काढलं. पिवळा दिवा दिसला. त्यांनी ते स्टिकर वहीत साडेनऊच्या शेजारी चिकटवलं, ते फारच वाईट झालं. चार शिव्या दिल्या असत्या तर मॅनेजरला निदान उत्तर देता आलं असतं.

मागून हॉर्न सुरू झाले. डबीवाल्यांची माणसं धावत आली आणि सगळ्यांनी मिळून हत्ती ढकलला. रस्ता डबीवाल्यांच्या बाजूला उतरता होता, म्हणून ढकलायला सोपं पडेल तिकडेच ढकलला, म्हणजे थेट डबीवाल्यांच्या अंगणात. कुणीतरी बाईंना उन्हातून आत नेलं, पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं. सरबत बाईंना चालत होतं.

मॅनेजर धावत आत पोचला तेव्हा बाई एका निळ्या डबीत बसून पाय लांब करून बघत होत्या.

"पाचजणी मावणार नाहीत बाई यात!" तो कळवळून ओरडला.

"दोन फेऱ्या करीन. तरी तुमच्यापेक्षा कमी पेट्रोल लागेल." हेही त्यांनी वहीत मांडून दाखवलं. "गाडी कधी मिळेल?"

"नऊ महिने थांबावं लागेल," डबीवाल्यांचा मॅनेजर खाली मान घालून म्हणाला. "सगळ्यांना हीच हवी आहे. कारखान्यातून येतच नाहीत हो."

मॅनेजरच्या जिवात जीव आला. पण बाई म्हणाल्या, "चालेल. निवृत्त माणसाला कसली घाई?" आणि त्यांनी सही केली. स्वतःच्या पेन्सिलीने करत होत्या, डबीवाल्यांनी पेन दिलं.

सव्वापाच वाजले होते. मॅनेजर तिथेच एका खुर्चीत बसला. बायकोला काय सांगायचं याची त्याने मनात तीनदा जुळणी केली आणि तिन्ही वेळा पहिल्याच शब्दाला रडू आलं. शेजारी डबीवाल्यांचा मॅनेजर येऊन बसला. अकरा वर्षं समोरासमोर काढली, पण दोघे कधी बोलले नव्हते.

"अभिनंदन," आपला मॅनेजर म्हणाला. "चालू द्या तुमचं."

"कसलं चालू द्या?" तो माणूस एकदम हुंदकेच द्यायला लागला. "मला विकायला गाडीच नाही हो! ही निळी नुसती दाखवायची आहे, तिच्यात इंजिनसुद्धा नाही. दोनशे लोकांची बुकिंग घेऊन बसलोय. रोज येतात, टेबल बडवतात, आईवरून शिव्या देतात. ते तिकडे बघा."

कोपऱ्यात एक आडदांड गृहस्थ बसले होते. मांडीवर डबा उघडलेला, पाठीला घरून आणलेली उशी.

"सात महिने झाले. जुनी गाडी विकून बसलेत. पहिल्यांदा आठवड्याला यायचे, आता मुक्कामालाच असतात. आज बायकोने सांगितलंय, गाडीत बसून या नाहीतर येऊ नका. तुम्हाला हात जोडतो, यांना घेऊन जा! बुकिंग मी आत्ता रद्द करतो."

गृहस्थांनी ऐकलं. डब्याचं झाकण लावलं, उठले, अंगणातल्या हत्तीभोवती एक चक्कर मारली.

"किती देते?"

मॅनेजरकडे आता घालवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "साडेनऊ," तो म्हणाला. "चढावर सहा. उतारावर बावीस, पण तुम्ही कायम उतारावर राहत नसणार. ही डेमोची गाडी आहे आणि आत्ता ती बंद आहे, कारण पेट्रोल भरायची आमची ऐपत नाही. पेट्रोल आजच वाढलंय आणि उद्याही वाढेल. घेऊ नका."

गृहस्थांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "सात महिन्यांत या रस्त्यावर माझ्याशी खरं बोललेले तुम्ही पहिले. नवी कोरी आहे?"

"समोर अकरा उभ्या आहेत."

"आत्ता मिळेल?"

"आत्ता."

"तुम्ही चूक करताय," बाई आतून म्हणाल्या.

"बाई, माझी बायको दारात उभी आहे हो!"

पावणेसहाला सहावी गाडी फाटकातून बाहेर पडली. गृहस्थांचं डोकं छताला न लागता पहिल्यांदाच कुठल्यातरी गाडीत मावलं होतं आणि ते हसत होते. मॅनेजरने कंपनीला कळवलं, बायकोला कळवलं, डॉक्टरकडून आलेल्या शेठनी त्याला मिठी मारली. घरी जाताना त्याने भावफलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्री तो लहान मुलासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शोरूमला आला तेव्हा रस्त्यावर भलीमोठी रांग होती. गिऱ्हाइकांची असावी या कल्पनेने तो जवळजवळ धावतच निघाला. जवळ गेला तर ट्रेलर होते. लांबच लांब ट्रेलर आणि प्रत्येकावर दोन मजल्यांत रचलेले हत्ती.

शेठ फाटकात कागद नाचवत उभे होते. "अहो, आपण जिंकलो! सहाचा आकडा सबंध विभागात फक्त आपणच गाठला! बाकीच्या चौदाच्या चौदा एजन्सी काल रात्री बंद केल्या कंपनीने!"

"आणि हे?"

"त्यांच्या न विकलेल्या गाड्या. कंपनी म्हणते, अशा दिवसांत जो माणूस हे विकू शकतो, त्याच्याकडेच सगळ्या पाठवा. तुमचं नाव घालून लिहिलंय! एकशे बारा आहेत."

पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "साहेब, कुठं उतरवू?"

मॅनेजरने शोरूमकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही कडांकडे पाहिलं. खिशातला फोन वाजत होता.

"अहो, पोचलात का?" बायकोचा आवाज किती दिवसांनी हलका झाला होता. "खरं सांगा, नोकरी पक्की राहिली ना?"

"राहिली गं," मॅनेजर म्हणाला आणि मटकन फाटकाच्या पायरीवर बसला. "आता मी मरेपर्यंत काही ती सुटत नाही."